कजाग पेटी

आण्णा निवृत्त झाले तेव्हा ते माझ्याकडे कराडजवळ मलकापूरला राहायला येतील, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. आई त्याआधीच गेली होती. भाऊ सैन्यात, त्याची बदली आज इथं तर उद्या तिथं. आण्णांची सगळी नोकरी कोयनानगरच्या प्रकल्पात झाली, तिथली वसाहतीतली खोली आता सोडावी लागणार होती. मी त्यांच्यासाठी मागची खोली रिकामी केली, तिला रंग दिला, खिडकीला जाळी बसवून घेतली. ते आले, काही दिवस राहिले, आणि एका सकाळी चहा पिता पिता म्हणाले की इथं सगळं चांगलं आहे, फक्त हातांना काम नाही. दुपारच्या एसटीनं ते परत गेले. कोयनानगरच्या अलीकडं, घाटरस्त्याच्या खालच्या अंगाला एका वाडीत त्यांनी नोकरीत असतानाच पत्र्याचं छोटं घर बांधून ठेवलं होतं. तिथं ते एकटेच राहायला लागले.

मी बारावीच्या मुलांना जीवशास्त्र शिकवते. रविवार मिळाला की गाडी काढून आण्णांकडे जायचं, असा माझा क्रम पडला. सुरुवातीला जाताना मी डबे भरून न्यायचे. बाई गेलेल्या घरात पुरुषमाणूस एकटा काय करत असेल, काय खात असेल, हेच डोक्यात. पण वर्षभरात माझ्या लक्षात आलं की आण्णांना माझी तितकीशी गरज नाही. त्यांना मधमाश्या मिळाल्या होत्या.

झालं असं की वाडीतला एक जांभळीचा म्हातारा वृक्ष वादळात आडवा झाला आणि त्याच्या ढोलीत सातेरी जातीच्या देशी माश्यांचं पोळं निघालं. लोक मध काढून पोळं जाळायच्या बेतात होते. आण्णांनी ते मागून घेतलं. तालुक्याला जाऊन मधपेटी आणली, पोळ्याचे तुकडे कापून सुतळीनं चौकटीला बांधले, राणीमाशी शोधून आत सोडली, आणि माश्या राहिल्या. प्रकल्पात त्यांनी जन्मभर यंत्रं दुरुस्त केली होती, त्यामुळे त्यांचे हात बारीक कामाला सरावलेले होते. थोड्याच दिवसांत शेताच्या दगडी बांधातलं दुसरं एक पोळं त्यांनी असंच पेटीत आणलं. दोन्ही पेट्या घरामागच्या फणसाखाली शेजारी शेजारी ठेवल्या.

पण दोन्हींचा स्वभाव अगदी वेगळा. जांभळीतल्या माश्या गरीब. आण्णा उघड्या हातांनी चौकट वर उचलायचे, उन्हाकडे धरून अंडी बघायचे, माश्या आपल्या कामात. मधही भरपूर द्यायच्या. बांधातल्या माश्यांचं मात्र उलट. झाकणाला नुसता हात लागला तरी फणकारून बाहेर यायच्या. दूधवाल्याला चावल्या, पोस्टमनला चावल्या, आण्णांना तर कितीदा चावल्या त्याला गणती नाही. वर मध जेमतेम. आण्णा त्या पेटीला कजाग म्हणायला लागले. मधपाळांच्या प्रशिक्षणात त्यांना सांगितलं होतं की अशा पेटीतली राणी काढून मारून टाकावी आणि गरीब पेटीतली राणी त्यात घालावी, म्हणजे पुढची सगळी पैदास गरीब निघते. सल्ला काही चुकीचा नव्हता. जगभर मधपाळ हेच करतात.

आण्णांनी तसं ठरवलं, त्या दिवशी मी तिथंच होते. शेजारच्या काकी कुंपणापलीकडून बघत होत्या.

काकींची ओळख इथंच करून देते. त्यांचे यजमान सैन्यातून सुभेदार होऊन आले होते, आण्णांचे जुने मित्र. दोघांनी एकमेकांना सोबत म्हणून शेजारी शेजारी घरं बांधली आणि सुभेदार काका घराला पुरतं वर्षही न होता हृदयविकारानं गेले. काकी मूळच्या पूर्वेकडच्या, माणच्या माळरानावरच्या, मेंढरं राखणाऱ्या घरातल्या. लग्न होऊन या पावसाच्या मुलखात आल्या आणि इथल्या ओलीची त्यांना कधी सवय झाली नाही. पावसाळाभर कानाला मफलर असायचा. मुलं पुण्याला. एक म्हैस, एक रेडकू, परसात थोडी भाजी, एवढ्यात त्यांचा दिवस जायचा. आण्णा त्यांना वहिनी म्हणायचे, त्या आण्णांना भावजी. बोलणं कामापुरतं. कुंपणाच्या कारवीच्या काठ्यांवरून कधी ताकाचा तांब्या यायचा, कधी परत जाताना त्यात मधाची बाटली असायची.

तर काकी बघत होत्या. आण्णा काय करणार आहेत ते मी त्यांना सांगितलं. त्या कुंपणाला टेकल्या. मग म्हणाल्या, "आवं भावजी, मारताय कशाला तिला? पेटीच द्या मला. गोठ्याच्या मागं पडून ऱ्हाईल."

आण्णांनी समजावलं की ती चावते, रेडकाला त्रास होईल, मध तर देणारच नाही.

"न्हाई दिला तर न्हाई दिला," काकी म्हणाल्या. "मी नवी नवरी होऊन आले तवा मलाबी लय कजाग म्हणायचे. माझं बोलणंच तसं, माळावरचं. म्हणून काय मला कुणी मारून टाकलं न्हाई."

आण्णा हसले आणि त्या संध्याकाळी माश्या घरी परतल्यावर पेटीचं दार बंद करून ती काकींच्या गोठ्यामागं नेऊन ठेवली. काकी तिच्या वाटेला कधी गेल्या नाहीत. पावसाळ्यात वर पत्रा टाकायच्या, साखरपाण्याची वाटी तेवढी आण्णांना विचारून ठेवायच्या, बाकी तिला तिच्यावर सोडून दिलेलं.

इकडं आण्णांनी जांभळीच्या पेटीचा वंश वाढवला. वसंतात पेटी माश्यांनी भरून वाहायला लागली की तिच्या दोन करायच्या, पुढच्या वर्षी त्या दोन्हींच्या आणखी. नवीन राणी दर वेळी त्याच आईची लेक किंवा नात. फणसाखाली जागा पुरेना तेव्हा आण्णांनी परसाच्या उताराला पायऱ्या काढल्या आणि पेट्या ओळीनं मांडल्या. सगळ्या गरीब, सगळ्या कामसू. आण्णा तोंडावर जाळी न घालता, बनियनवर, त्यांच्यात वावरायचे. सुट्टीवर आलेला माझा भाऊ ते बघून थक्क झाला. मीही माझ्या वर्गात त्यांचं उदाहरण द्यायचे की माणसानं कुत्रा, गाय, ज्वारी कशी घडवली ते बघायचं तर फार लांब जायला नको, माझे वडील घरामागं तेच करतायत.

त्या वर्षांतली एक दुपार मला फार आवडते. हिरड्याला मोहोर होता. ऊन चढलं होतं आणि आम्ही दोघं बाजेवर बसून एका पेटीच्या दाराकडे बघत होतो. दाराशी काही माश्या पाय रोवून, पंख फडफडवत आत वारा घालत होत्या. आण्णांनी विचारलं, "एवढ्याच का घालत्यात वारा? बाकीच्यांना उकडत न्हाई व्हय?"

मी सांगितलं की काहींना लवकर उकडतं, काहींना उशिरा. ज्यांना लवकर उकडतं त्या आधी कामाला लागतात. तेवढ्यानं भागलं नाही तर दुसऱ्या येतात, मग तिसऱ्या. सगळ्यांना एकदमच उकडलं असतं तर सगळ्या एकदम वारा घालत सुटल्या असत्या, पोळं फार गार पडलं असतं, मग सगळ्या एकदम थांबल्या असत्या. त्यांच्यात फरक आहे म्हणून पोळ्याची ऊब दिवसभर सारखी राहते.

"पण एका आईच्या लेकी ना सगळ्या? मग फरक कसा?"

आता आली पंचाईत. वर्गात मी हे साठ मुलांसमोर न अडखळता सांगते. पण वडिलांना सांगताना जीभ जड झाली. मी म्हटलं, आई एक, पण बाप वेगवेगळे. राणी आयुष्याच्या सुरुवातीला उंच हवेत उडते, तिथं निरनिराळ्या पोळ्यांतले नर जमलेले असतात, त्यातल्या पुष्कळांशी तिचा संबंध येतो. ते सगळं ती साठवून ठेवते आणि जन्मभर वापरते.

आण्णा फणसाच्या शेंड्याकडे बघायला लागले. बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, "आणि घरात भांडणं न्हाई होत?"

मी हसत सुटले, मग तेही हसले. आई गेल्यानंतर ते तसे मोकळे हसलेले मी पहिल्यांदाच पाहिले.

पेट्या अशा वाढत गेल्या. मग एका वर्षी पावसाळा संपला, दिवाळीच्या आधी ऊन पडलं, रानात फुलं आली आणि आण्णांचा कॉलेजात फोन आला. ते कधी कामाच्या वेळी फोन करत नाहीत. म्हणाले, एका पेटीतली पिल्लं मरतायत, तू रविवारी येशील का. आवाज साधाच होता, पण त्यांनी "येशील का" असं विचारलं याचीच मला भीती वाटली.

आम्ही पेटी उघडली. मधमाशीची अळी नेहमी पोळ्यातल्या तिच्या षटकोनी घराच्या तळाशी वळून, मोत्यासारखी चमकत पडलेली असते. इथं अळ्या सरळ उभ्या होत्या, टोक वर करून. चिमट्यानं एक ओढली तर ती पाण्यानं भरलेल्या पिशवीसारखी लोंबली. मी फोटो काढून या विषयातल्या एका जाणकारांना पाठवले. त्यांचं उत्तर तासाभरात आलं. अळ्यांना होणारा विषाणूचा रोग, सातेरीला फार वाईट, औषध नाही. रोगट चौकटी काढून जाळा, उरलेल्यांना एकमेकींपासून लांब ठेवा, आणि वाट बघा.

आण्णांनी सगळं केलं. चौकटी जाळल्या. अवजारं प्रत्येक पेटीनंतर उकळत्या पाण्यात घातली. पेट्या उचलून लांब लांब नेऊन ठेवल्या. पण दुसऱ्या पेटीत तेच दिसलं, मग तिसरीत. जी पहिली पेटी होती, जांभळीतली, तीही गेली. पिल्लंच जगेनात म्हटल्यावर जुन्या माश्या संपत गेल्या, आणि ज्या उरल्या त्या एखाद्या सकाळी सगळ्या मिळून पेटी सोडून निघून जायच्या. मी दर रविवारी जायचे तेव्हा आणखी काही पेट्या पालथ्या घातलेल्या दिसायच्या. थंडी सुरू होईपर्यंत परसात आवाज उरला नाही. मधमाश्या असतात तेव्हा त्यांचा गुणगुणाट ऐकू येतोय हे लक्षातही येत नाही. तो थांबल्यावर घर मोठं वाटायला लागलं.

आण्णांचं जेवण कमी झालं. काकी कुंपणावरून भाकरी आणि कालवणाचं भांडं द्यायच्या आणि ते रिकामं परत येतंय का ते बघत उभ्या राहायच्या. आण्णा खायचे, कारण त्या उभ्या असायच्या.

एका रविवारी ते पालथ्या पेटीवर बसले होते. मी शेजारी उभी होते. त्यांनी विचारलं, "माझं काय चुकलं, सांग. तू शिकलेली हायस."

मला ते उत्तर माहीत होतं आणि ते त्यांना कसं सांगावं ते माहीत नव्हतं. मी म्हटलं, "आण्णा, देखभालीत काहीच चुकलं नाही. पण या सगळ्या एका घरातल्या होत्या. आसपासचे नरही बहुतेक आपल्याच पेट्यांमधले. त्यामुळे जे एकीला झेपलं नाही ते कुणालाच झेपलं नाही."

त्यांनी खाली पडलेली एक मेलेली माशी उचलून तळहातावर घेतली. मग म्हणाले, "गरीब व्हत्या गं."

एवढंच. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. लहानपणी वसाहतीत भूकंपाचा धक्का बसला की ते मला उचलून दाराबाहेर घेऊन यायचे आणि भांडी वाजायची थांबेपर्यंत खाली ठेवायचे नाहीत. आता त्यांचा खांदा माझ्या तळव्यात मावत होता.

त्याच दिवशी निघताना मी काकींकडे भांडं द्यायला गेले. काकी गोठ्याशी खराटा घेऊन उभ्या होत्या, वैतागलेल्या. मी विचारलं काय झालं, तर म्हणाल्या, मुंग्या झाल्यात लय. रोज सकाळी त्या पेटीखाली मुंग्यांची रांग, आणि मुंग्या काहीतरी पांढरं पांढरं ओढून नेतायत. झाडलं तरी दुसऱ्या दिवशी हायेच.

मला क्षणभर कळलं नाही, त्या कुठल्या पेटीबद्दल बोलतायत. कजाग पेटी मी विसरूनच गेले होते. तिच्याकडे कुणी लक्ष दिलं नव्हतं, तीही संपलीच असेल असं आण्णांनी मनाशी धरलं होतं. मी गोठ्यामागं गेले. पेटीच्या दाराशी माश्यांची ये-जा चालू होती, पायांना पिवळे परागकण. खाली वाकून पाहिलं. पालापाचोळ्यावर मेलेल्या अळ्या पडलेल्या होत्या, पिशवीसारख्या फुगलेल्या. मी बघत असतानाच एक माशी दारातून मागं मागं सरकत आली. तिनं तोंडात एक अळी धरली होती. काठावर येऊन तिनं ती खाली टाकली आणि परत आत गेली.

मी आण्णांना हाक मारली.

त्यांनी त्या दिवशी कित्येक वर्षांनी जाळी चढवली, बाह्या बांधल्या, धुराचा डबा पेटवला. कजाग माश्यांनी आपला स्वभाव सोडला नव्हता, माझ्या कानावर आणि त्यांच्या मनगटावर त्यांनी लगेच खूण केली. चौकट वर आली. रोग आत होताच. मध्ये मध्ये घरं रिकामी, पोळ्याची चाळण झाल्यासारखी दिसत होती. पण त्या रिकाम्या घरांच्या शेजारी निरोगी अळ्या होत्या, बंद कोष होते, आणि एका कोपऱ्यात राणी अंडी घालत चालली होती. आजारी अळी ओळखायची, तिच्या घरावरचं झाकण फोडायचं, ती ओढून बाहेर टाकायची, हे काम त्या माश्या रोज करत होत्या. आण्णांच्या गरीब माश्यांनी तसं केलं नव्हतं. त्यांनी मेलेली अळी शेजारच्या घरात तशीच राहू दिली होती.

संध्याकाळी काकींच्या ओट्यावर चहा झाला. काकींनी विचारलं, की रोग आल्यावर ह्यांना ही अक्कल कशी सुचली. आण्णाही माझ्याकडे बघायला लागले. मी सांगितलं, सुचली नाही काकी. रोग येण्याआधीपासून यांचा हा गुण असणार. कुणाला तो दिसला नाही, कारण तेव्हा त्याचा काही उपयोग नव्हता. उलट अशी सारखी झाकणं फोडून बघणारी पोळी चांगल्या वर्षात मागं पडत असतील, मध कमी साठवत असतील. संकट आलं तेव्हा हा गुण कुणाकडे तरी आधीच असायला हवा होता, आणि तो गोठ्यामागं होता. सगळ्या जिवांचं असंच चालतं. एका जातीतले सगळे सारखे नसतात, आणि उद्या काय येणार हे कुणालाच माहीत नसतं. ज्यांच्यात पुरेसा फरक असतो, त्यांच्यातलं कुणी ना कुणी पलीकडं पोचतं, आणि पुढची पिढी त्यांची होते.

"म्हणजे चावऱ्या असत्यात त्या साफ असत्यात," काकी म्हणाल्या. त्यांना ते आवडलं होतं.

मला खरं सांगणं भाग होतं. मी म्हटलं, तसंही नाही. चावणं वेगळं, साफसफाई वेगळी. ह्या पेटीत दोन्ही एकत्र आलं हा योग. गरीब आणि स्वच्छ अशाही माश्या कुठंतरी असतील. पण आण्णा फक्त स्वभाव बघून निवडत गेले, त्यामुळे बाकीचं जे काही होतं ते न बघता गळून गेलं. आणि ही पेटी वाचली ती याच एका कारणानं, असंही मी छातीठोक सांगू शकत नाही. गोठ्यामागं ती बाकीच्यांपासून लांब होती, त्याचाही हात असेल.

काकींनी कप खाली ठेवला. म्हणाल्या, "काय का असंना. भावजी, घेऊन जावा तिला."

आण्णांनी मान हलवली. म्हणाले, मी ती टाकून दिली होती वहिनी, आता कोणत्या तोंडानं नेऊ. ती तुमची.

"टाकून कुठं दिलीत? माझ्याकडं ठेवायला दिली व्हती," काकी म्हणाल्या. "आणि मला काय करायच्यात माश्या? तुमचं परस असं मोकळं बघवत न्हाई मला. सकाळी उठून मी तिकडंच बघते."

आण्णांनी रिकामा कप पुन्हा तोंडाला लावला. मी उठून कप विसळायला आत गेले आणि लागलीच बाहेर आले नाही.

शेवटी पेटी कुठंच गेली नाही. आण्णाच तिच्याकडे जायला लागले. रोज सकाळी काकींच्या गोठ्यामागं स्टूल घेऊन बसायचं, माश्यांची ये-जा बघायची, खालच्या मेलेल्या अळ्या वेचून जाळायच्या. अळ्या कमी कमी होत गेल्या. वसंतात ती पेटी भरली तेव्हा आण्णांनी तिच्या दोन केल्या. पण या वेळी ते तिथं थांबले नाहीत. कोयनेच्या जलाशयापलीकडच्या गावातल्या एका मधपाळाशी त्यांनी पेटीची अदलाबदल केली. त्याच्याही बऱ्याच पेट्या रोगात गेल्या होत्या, काही उरल्या होत्या. खाली कराडच्या बाजूला, उसाच्या पट्ट्यात एका बागायतदाराच्या विहिरीत पोळं होतं, ते त्याला नको होतं, ते आण्णांनी दोर बांधून उतरून आणलं. मी रागावले. या वयात विहिरीत कसले उतरता म्हणून. काकींनीही ऐकवलं. ते आम्हा दोघींचं बोलणं मुकाट्यानं ऐकून घेऊन माश्यांना साखरपाणी द्यायला गेले.

आता परसात पेट्या पुन्हा आहेत, पूर्वीपेक्षा थोड्या. कुठली पेटी पहाटे गारठ्यातच बाहेर पडते, कुठली ऊन तापल्याशिवाय हलत नाही. एक आहे ती मध चिक्कार देते आणि पावसाळ्यात हमखास अशक्त होते. दुसरी पावसाळ्यात टुणटुणीत असते आणि उन्हाळ्यात आळशी. आण्णांना आता जाळीशिवाय जाता येत नाही, त्याची त्यांना सवय झाली आहे. पेट्या दोन्ही परसांत पसरल्या आणि मधलं कारवीचं कुंपण जाण्या-येण्याच्या आड यायला लागलं, तेव्हा एका सकाळी त्यांनी ते उपटून काढलं आणि काठ्या काकींच्या चुलीला दिल्या. पुढच्या रविवारी गेले तर दोन्ही घरांच्या मध्ये नुसती पायवाट होती. मी काही विचारलं नाही. वाडीत थोडी कुजबुज झाली असावी, कारण भावानं सीमेवरून फोन करून मला विचारलं की तिकडं काय चाललंय. मी म्हटलं, आण्णा वेळेवर जेवतायत. तो म्हणाला, मग ठीक आहे.

ही सगळी हकीकत मी वर्गात सांगते. गेल्या वर्षी मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, मॅडम, पुढच्या वेळी वेगळाच रोग आला, आणि साफ करणाऱ्या माश्यांनाच तो आधी झाला तर? मुलं हसली. मी त्यांना थांबवलं, कारण प्रश्न हसण्यासारखा नव्हता. मी म्हटलं, तर ती पेटी जाईल, आणि जी आज आम्हाला आळशी वाटते तिच्यात कदाचित काही निघेल. किंवा नाहीही निघणार. ती म्हणाली, म्हणजे कुठली ठेवायची हे कळतच नाही. मी म्हटलं, नाही कळत. म्हणून शक्य तेवढ्या ठेवायच्या. घरी येताना मी तिचाच विचार करत होते आणि मला फार बरं वाटत होतं.

मागच्या मे महिन्यात मी सुट्टीत आण्णांकडे राहिले होते. घाटातल्या एका मोरीखाली माश्यांचा थवा लटकलाय, असं कुणीतरी सांगत आलं. आम्ही तिघं गेलो. काकींनी टोपली धरली, आण्णांनी थवा हळूच त्यात झाडला, वर ओलं फडकं टाकलं. घरी आणून नव्या पेटीत सोडला. लहानशा, काळसर, चपळ माश्या होत्या, आमच्याकडच्या कुठल्याच पेटीसारख्या नाहीत. आण्णांना त्या फार आवडल्या. संध्याकाळभर ते त्या पेटीसमोर बसून होते.

सकाळी चहा घेऊन मागं गेले तर आण्णा आणि काकी मान वर करून उभे होते. थवा पेटीतून बाहेर पडला होता. फणसाभोवती त्यानं एक घेर घेतला, मग दुसरा जरा उंचावरून, आणि डोंगराकडे निघाला. आवाज लांब लांब जात ऐकू येईनासा झाला. मला वाटलं आण्णा हळहळतील. मी म्हटलं, दुपारी शोधायला जाऊया, फार लांब गेल्या नसतील.

"नको," आण्णा म्हणाले. "जाऊ दे. रानातबी असाव्यात काही."

काकींनी माझ्या हातातला कप घेऊन त्यांना दिला आणि गार होईल म्हणाल्या.